जुनी गाडी चालता चालता बंद पडते, परत चालू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात जुन्या गाड्या अजून रग्गड आहेत. कार्बोरेटरची मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, एस्टीम, सुरुवातीची सँट्रो, इंडिका, कुणीतरी हौसेनं जपलेली पद्मिनी नाहीतर अँबेसिडर. उद्यमनगरातल्या गॅरेजांत या गाड्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "चालता चालता बंद पडली, सेल मारून मारून दमलो, शेवटी टोचन करून आणली. आणि इथं आल्यावर बघतोय तर एका सेलला चालू!" गाडीमालक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

घाटात किंवा हायवेवर गाडी अचानक बंद पडली, तर आधी काय करायचं?

बॉनेट नंतर उघडा, आधी गाडी सुरक्षित करा. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होणं थांबतं. बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल घट्ट होतं आणि चांगलाच जोर लावावा लागतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारत बसू नका. एकदाच दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होणार.

करूळ, भुईबावडा किंवा आंबा घाटात "उतारच आहे, सोडू तशीच खाली" हा विचार मनातसुद्धा आणू नका. हँडब्रेक ओढा. तोंड चढाकडं असेल तर पहिला गिअर, उताराकडं असेल तर रिव्हर्स टाका. चाकाला दगड लावा, चारी इंडिकेटर चालू करा, मागं त्रिकोण ठेवा. आणि निघताना तो दगड उचलून बाजूला टाका. घाटात असे सोडलेले दगड रात्री मोटरसायकलवाल्यांना दिसत नाहीत.

गॅरेजला आणली की चालू होते. मग दोष सापडणार कसा?

सगळी गोम इथंच आहे. जुन्या गाडीतले बरेच दोष गाडी बंद असेपर्यंतच जागेवर असतात. गरम झाल्यावर दगा देणारी कॉईल (प्लगच्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करते ती) थंड झाली की चांगली चालते. पाइपात उकळलेलं पेट्रोल निवलं की पंप पुन्हा ओढायला लागतो. सैल झालेली वायर टोचनच्या हिसक्यानं परत चिकटते. गाडी गॅरेजला पोचेपर्यंत तास-दीड तास जातो आणि तोवर पुरावा गेलेला असतो. मेस्त्रीच्या हातात राहतो तो अंदाज, आणि त्या अंदाजाचं बिल तुमच्या नावावर.

म्हणून बंद पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. तेवढ्यात तीन गोष्टी बघायच्या: सेल इंजिन फिरवतोय का, प्लगला करंट येतोय का, पेट्रोल पोचतंय का. दुरुस्ती तुम्हाला येत नसली तरी चालेल. यातलं नेमकं काय गायब होतं एवढं सांगितलंत, तरी मेस्त्रीचं निम्मं काम झालं.

गाडी कशी बंद पडली तेही आठवून ठेवा. बटण दाबल्यासारखी एकदम गेली, तर संशय करंटच्या बाजूला: कॉईल, सेन्सर, रिले, इग्निशन स्विच. आधी झटके मारले, पिकअप गेला, रेस देऊनही दम सोडत सोडत थांबली, तर बहुधा पेट्रोलची बाजू. हा नियम शंभर टक्के खरा ठरत नाही, पण बहुतेक वेळा वाट बरोबर दाखवतो. टेंपरेचरचा काटा कुठं होता, बॅटरीचा लाल दिवा लागला होता का, पाऊस होता का, एसी चालू होता का, हेही मोबाइलवर टिपून ठेवा.

किल्ली फिरवली की नुसतं "टक्" होतं. इंजिन फिरतच नाही.

बॅटरी, तिची टर्मिनलं आणि अर्थिंग, याच क्रमानं बघा. हेडलाइट लावा आणि सेल मारा. दिवे अगदी मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच लख्ख राहिले तर स्टार्टरकडं (सेलची मोटर) किंवा त्याच्या सोलेनॉइडकडं जाणारी वायर तपासा.

मीटर असेल तर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा आणि आवळा.

अर्थिंगची पट्टी कुणी बघतच नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी आणि गिअरबॉक्सकडं जाणारी ही केबल वीस-पंचवीस वर्षांत आतून गंजते. जंप केबलनं बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला जोडून सेल मारा. इंजिन फिरलं, तर नव्या बॅटरीचा खर्च वाचला.

एक अपवाद मात्र आहे. गाडी आधी भयंकर तापली होती आणि आता सेल इंजिनाला हलवूही शकत नाही, तर जोर लावू नका. इंजिन जाम झालेलं असू शकतं.

चालत्या गाडीचं इंजिन बॅटरीमुळे बंद पडू शकतं का?

अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारा) चार्ज करत नसेल तर हो, विशेषतः इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमावर पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या गाडीत. गाडी बॅटरीवर चालत राहते. दिवे मंदावतात, वायपर हळू होतो, मग इंजिन थांबतं आणि सेललाही ताकद उरत नाही. चालू इंजिनावर बॅटरीला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. बेल्ट तुटला असेल तर तो वरूनच दिसेल. रात्री पावसात हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम चालू असताना गाडी गेली, तर आधी हाच संशय घ्या.

सेल फिरतो, पण नेहमीपेक्षा सुळकन आणि हलका. का?

टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे. पिस्टन वरखाली होतात, पण व्हॉल्व्ह हलत नाहीत, त्यामुळं कॉम्प्रेशन धरत नाही आणि सेलचा नेहमीचा "हुं-हुं-हुं" असा ठेका ऐकू येत नाही. ऑइल भरायचं झाकण काढून आत बघा आणि दुसऱ्याला क्षणभर सेल मारायला सांगा. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरताना दिसला नाही तर तिथंच थांबा. सेल नको, धक्का तर अजिबात नको. काही इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि बेल्टच्या खर्चात हेडचं कामही येऊन बसतं.

सेल नीट फिरतो, इंजिन पकडत नाही. करंट आहे का हे कसं बघायचं?

एक प्लग खोला, त्याच्या टोपीत परत बसवा आणि प्लगचा लोखंडी भाग इंजिनाच्या रंग नसलेल्या जागी घट्ट टेकवा. रबरी मुठीच्या पकडीनं धरा, हातानं नको. दुसऱ्यानं सेल मारायचा. निळी, तडतडणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी आणि मरगळलेली असेल तर कॉईल, वायर किंवा प्लग कमजोर. काहीच नसेल तर पुढं शोधायचं.

जवळपास पेट्रोल सांडलेलं किंवा वाफ असेल तर ही चाचणी करू नका. इंजेक्शनच्या गाडीत उघड्या प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येऊ शकतो, म्हणून प्लग त्या भोकापासून लांब धरायचा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल मारू नका. करंटला वाट मिळाली नाही की इग्नायटर (कॉईलचा करंट जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू शकतो.

खोललेला प्लग काय सांगतो तेही बघा. पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, किंवा गाडी फ्लड झाली आहे, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलं आहे. खडखडीत कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही.

फ्लड झाली तर?

अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, चोक ओढू नका आणि सात-आठ सेकंद सेल मारा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत पेडल पूर्ण दाबून सेल मारला की इंजेक्टर बंद राहतात. पेडल पंप करत बसाल तर कार्बोरेटरच्या गाडीत आणखी पेट्रोल आत जाईल.

थंड असताना झकास चालते. तासाभरानं बंद पडते आणि वीस-तीस मिनिटांनी आपोआप चालू होते. हे काय गौडबंगाल आहे?

जुन्या गाड्यांचं हे सगळ्यात सतावणारं दुखणं. कारणं तीन-चारच असतात, पण त्यांची सोंगं सारखी.

पहिला मान इग्निशन कॉईलचा. आतल्या बारीक तारेचं इन्सुलेशन जुनं झालं की तापल्यावर करंट गळतो. कॉईल हात लावू नये इतकी तापली असेल आणि त्याच वेळी ठिणगी गायब असेल, तर ओला फडका पिळून तिच्या बाहेरच्या अंगावर ठेवा. वायर आणि टर्मिनलं कोरडी राहू द्या. पाच-दहा मिनिटांत ठिणगी परत आली तर चोर सापडला. थंड कॉईल मीटरवर बरोबर आकडे दाखवते, त्यामुळं "मीटरला ओके आहे" एवढ्यावर तिला सोडू नका.

डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगांना आळीपाळीनं करंट वाटणारा भाग) इग्नायटर आणि पिकअप कॉईल हेही तसेच वागतात. पद्मिनी-अँबेसिडरला सीबी पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर असतो. कंडेन्सर गेला की पॉइंटमध्ये मोठी पिवळी ठिणगी उडते आणि प्लगला मात्र काही पोचत नाही. पॉइंट काळे झाले असतील तर घासून साधारण ०.४ मिमी गॅप ठेवा. नवा कंडेन्सर काही फार महाग नाही, एक डिकीत ठेवूनच द्या.

इंजेक्शनच्या गाडीत क्रँक सेन्सर, आणि काही गाड्यांत कॅम सेन्सर. इंजिन फिरतंय ही खबर कॉम्प्युटरला याच्याकडून मिळते. सेन्सर गरम होऊन मुका झाला की कॉम्प्युटर करंट आणि पेट्रोल दोन्ही बंद ठेवतो. आरपीएमचा काटा असेल तर सेल मारताना त्याच्याकडं बघा. नेहमी थोडा हलणारा काटा शून्याला चिकटून राहिला, तर सेन्सरचा संशय घट्ट होतो. काही गाड्यांत सेलवर काटा मुळातच हलत नाही, म्हणून आपल्या गाडीची सवय आधी माहीत करून घ्या.

आणखी एक कारण सायलेन्सरमध्ये लपतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) आतून चोक झाला की धूर बाहेर पडत नाही. आधी काही दिवस पिकअप कमी होत जातो, चढाला गाडी रडते, मग बंदच पडते. ऑक्सिजन सेन्सर खोलून तेवढ्या भोकावर गाडी चांगली ओढायला लागली, तर कारण तेच.

जोतिबाच्या चढाला दरवर्षी चैत्रातच बंद पडते. देवाचा कोप का?

देवाचा नाही, वाफेचा. चैत्र यात्रेला ऊन कडक, गाड्यांची रांग, पहिल्या गिअरवर मुंगीच्या पावलानं चढ, आणि बॉनेटखाली वारं नाही. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल ओढणारा मेकॅनिकल पंप इंजिनावरच बसवलेला असतो. पंपात आणि पाइपात पेट्रोल उकळतं, पंप नुसती वाफ ढकलत राहतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं रांगत जातानाही हेच होतं.

बॉनेट उघडा, ओला फडका पंपावर आणि पेट्रोलच्या पाइपावर ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. गरम इंजिनावर किंवा एक्झॉस्टवर गार पाणी ओतू नका, लोखंड तडकतं. आणि रेडिएटरचं झाकण तर गरम असताना मुळीच उघडू नका.

पुन्हा पुन्हा होत असेल तर पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब फिरवून घ्या, पंपाखालचं उष्णता अडवणारं पॅकिंग शाबूत आहे का बघा, रिटर्न लाइन असेल तर ती चोक नाही ना याची खात्री करा. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा पडदा फाटलाय. तसं ऑइल भरून गाडी चालवू नका.

टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत पेट्रोल दाबाखाली असतं, तिथं व्हेपर लॉक क्वचित होतो. साधारण २००० नंतरच्या मारुती ८०० ला व्हेपर लॉक झालाय असं कुणी सांगितलं तर आधी पुढचं उत्तर वाचा.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल येतंय का, हे रस्त्यावर कसं कळणार?

किल्ली ऑन करा, सेल मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद "घूं" असा बारीक आवाज यायला हवा. रहदारीत ऐकू येत नसेल तर सोबतच्या माणसाला पेट्रोलच्या झाकणाशी कान लावायला सांगा.

आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. फ्यूजबॉक्समध्ये हॉर्नचा किंवा पंख्याचा रिले हुबेहूब तसाच असेल, पायांची मांडणी आणि आकडे सारखे असतील, तर अदलाबदल करून बघा. हॉर्न गेला आणि गाडी चालू झाली, तर रिले दोषी. त्याच वेळी डॅशबोर्डवरचा "चेक इंजिन" दिवाही बघा. किल्ली ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे. लागत नसेल तर कॉम्प्युटरलाच वीज मिळत नाही: मेन रिले, फ्यूज किंवा इग्निशन स्विच. किल्लीला अर्धा किलोचा जुडगा लटकवणाऱ्यांचा स्विच लवकर झिजतो. किल्ली हलकेच हलवून दिवे लुकलुकतात का बघा. इमोबिलायझर असलेल्या गाडीत किल्लीचा दिवा भराभर लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली लावून बघा.

पंपाचा आवाज येतोय, तरीही गाडी दम सोडते, तर फिल्टर चोक असेल किंवा पंपाचा दाब पडलेला असेल. दाब गेजवर मोजूनच ठरवायचा.

पेट्रोलचं झाकण उघडलं की "सूं" आवाज येतो आणि गाडी चालू होते. योगायोग?

योगायोग नाही. झाकणाचं हवेचं भोक किंवा व्हेंटची नळी बुजली आहे. पेट्रोल संपेल तशी टाकीत हवा जायला पाहिजे, ती जात नाही आणि पंपाला ओढता येत नाही. यापेक्षा स्वस्त दुरुस्ती या पानावर दुसरी नाही.

इथेनॉलच्या पेट्रोलमुळं बंद पडते का?

सगळं खापर त्याच्यावर फोडू नका, पण संबंध आहे. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं (त्यातलं थोडं आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं, हेही खरं). इथेनॉल पाणी शोषतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि टाकीत ओल शिरली, तर पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं आणि पंप नेमकं तेच ओढतो. शिवाय ते टाकीतला जुना गाळ सोडवतं, तो फिल्टरमध्ये अडकतो, आणि जुने रबरी पाइप फुगतात किंवा चिरतात. जुनी गाडी वापरात ठेवा, सगळे रबरी पाइप एकदा बदलून घ्या आणि फिल्टर वेळेआधी बदला.

पहिल्या पावसात हमखास मिसिंग करते आणि बंद पडते.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. आतला ओलावा सुक्या फडक्यानं पुसा, काळी बारीक चीर दिसली तर झाकण बदला. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनावर नजर टाका. प्लगच्या वायरींवर निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या तर वायरींचा सेट संपला. हात लावू नका.

पुराच्या पाण्यात गेली आणि बंद पडली. सेल मारू का?

नाही. एकदाही नाही. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनच्या जोरानं कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि गाडी तशीच ओढून न्या. गॅरेजमध्ये प्लग काढून इंजिन फिरवतात, ऑइल बघतात, ते दुधाळ असेल तर बदलतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्या पाणी ओसरल्यावर घाईनं मारलेल्या सेलमुळं गेल्या. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. नदीकाठच्या गल्लीत गाडी असेल तर पाणी ३९ ला पोचायच्या आत ती उंचावर हलवा.

इंडिका डिझेल आहे. तिला ठिणगीचे प्लगच नाहीत, मग काय बघायचं?

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला चालत राहायला डिझेल आणि हवा एवढंच लागतं. वीज लागते ती पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला. किल्ली ऑन-ऑफ करताना तिथं "टक" ऐकू आलं पाहिजे. नाही आलं तर त्याची वायर बघा.

सोलेनॉइड ठीक असेल तर लाइननं हवा धरली का बघा. फिल्टरवरचा हातपंप मारत ब्लीडिंगचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. पुन्हा दोन दिवसांत हवा धरली तर कुठंतरी पाइपाची क्लिप किंवा वॉशर हवा ओढतंय. तिथं बाहेर डिझेल गळेलच असं नाही, म्हणून ते सापडायला वेळ लागतो.

नव्या कॉमन रेल डिझेलवर हे प्रयोग करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर असतो, ती धार कातडी भेदून आत जाते.

गॅस किट आहे.

पेट्रोलवर टाकून बघा. पेट्रोलवर चालली तर किटवाल्याकडं जा. वर्षानुवर्षं फक्त गॅसवर चालवलेल्या गाडीचा पेट्रोल पंप मात्र बहुधा आधीच सुकून गेलेला असतो.

स्कॅनर लावला, त्यात एकही कोड नाही. म्हणजे गाडी चांगली आहे?

नाही. स्कॅनर फक्त कॉम्प्युटरला जे कळलं तेवढंच सांगतो. पंपाचा कमी दाब, चोक फिल्टर, गंजलेली अर्थिंग यांतलं बरंचसं त्याच्या नजरेतून सुटतं. आणि बॅटरी काढून ठेवली असेल तर बऱ्याच जुन्या गाड्यांतले कोड पुसले जातात, म्हणून स्कॅन आधी आणि बॅटरी नंतर.

मेस्त्री म्हणतात, "एकेक पार्ट बदलून बघू." बदलू का?

विचारा: "हा पार्ट खराब आहे हे कशावरून?" उत्तरात एखादी चाचणी असेल, जसं ठिणगी नव्हती, पंपाचा दाब नव्हता, सेन्सरचा सिग्नल नव्हता, तर खुशाल बदला. उत्तर "या गाड्यांना हेच होतं" असं असेल तर थांबा. चांगला मेस्त्री गाडी ठेवून घेतो, गरम होईपर्यंत उभ्या जागी चालवतो, बंद पडली की लगेच मीटर लावतो. यात त्याचा अर्धा दिवस जातो. त्या वेळेचे पैसे द्यायला कुरकुर करू नका. पार्टचं बिल निमूट देणारे आपण लोक शोधण्याच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतो, म्हणून तोही पार्ट बदलायच्या मागं लागतो. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

आदल्या रात्रीपर्यंत चांगली होती, सकाळी निघाली आणि कोपऱ्यावर बंद.

उंदीर. उसाच्या फडाजवळ किंवा धान्याच्या गोदामाशेजारी गाडी लावत असाल तर नक्कीच. वायरिंग आणि पेट्रोलचा पाइप दोन्ही बघा. पेट्रोलचा वास आला तर सेल मारू नका.

धक्का मारून चालू केली तर?

सेल फिरत नाही आणि बॅटरीचाच दोष आहे, तर हाताच्या गिअरच्या गाडीत चालतं: किल्ली ऑन, दुसरा गिअर, वेग आल्यावर क्लच सोडा. सेल छान फिरत असूनही गाडी पकडत नसेल तर धक्क्यानं नवं काही होणार नाही. उलट न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब करतं. ऑटोमॅटिकला धक्का उपयोगाचाच नाही.

शेवटी टोचनच करायचं ठरलं. काही काळजी?

किल्ली काढू नका, निदान स्टिअरिंगचं लॉक सुटेल इतकी तरी फिरवून ठेवा, नाहीतर पहिल्याच वळणाला स्टिअरिंग अडकेल. ब्रेक जड लागणार, म्हणून मागच्या गाडीत अनुभवी माणूस बसवा. दोर बंपरला न बांधता टोचनच्या हुकालाच बांधा. पुणे-बेंगळुरू हायवेवर असाल तर आधी १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला फोन करा. घाटात उतारावर दोरानं टोचन करू नका, क्रेन किंवा गाडी उचलून नेणारा ट्रक येईपर्यंत थांबा. आणि तो येईपर्यंत वेळ आहेच, तेवढ्यात एक प्लग खोलून ठिणगी बघून ठेवा.